पावसाळी आराखडा हातात पडला, तर आधी कोणते आकडे शोधाल?

पाणीपातळी (धागाकर्ता)

दर मे महिन्यात बातमी येते, नालेसफाई अमुक टक्के पूर्ण. जूनमध्ये नेहमीच्याच चौकात गुडघाभर पाणी. मग आपण पालिकेला बोल लावतो आणि पालिका पावसाला. वाद घालताना हातात आकडे असले तर बरं, म्हणून हा धागा. उदाहरण मुंबईचं घेतोय, कारण तिथले आकडे बरेचसे उघड आहेत. पद्धत मात्र नगरपरिषदेच्या गावालाही लागू पडते.

पहिला आकडा: गटारं किती पावसासाठी बांधली आहेत? मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या, आणि तेसुद्धा ओहोटी असेल तर. त्यात आणखी एक गृहीतक दडलेलं होतं. पडलेल्या पावसातला निम्माच नाल्यात येणार, बाकीचा जमीन पिणार. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने (मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा अहवाल) निकष ताशी ५० मिमीवर न्यायला सांगितलं. त्या कामाला खरी गती २६ जुलै २००५ नंतर आली.

हिशोब हातानेच करून बघा. गुणांक (पडलेल्या पावसातला नाल्यात येणारा हिस्सा) × ताशी मिमी × हेक्टर ÷ ३६० केलं की घनमीटर प्रति सेकंद मिळतात. १०० हेक्टरचं पाणलोट धरा. जुन्या पद्धतीने ०.५ × २५ × १०० ÷ ३६०, म्हणजे साधारण ३.५. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या शहरी पुराच्या मार्गदर्शक सूचना गुणांक ०.९५ पर्यंत धरायला सांगतात, तर ०.९५ × ५० × १०० ÷ ३६० म्हणजे १३.२. पाऊस दुप्पट धरला, पाणी पावणेचारपटीच्या वर गेलं. वरचा फरक पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचा. आपल्या शहराच्या आराखड्यात गुणांक किती धरलाय ते नक्की बघा. नवीन वसाहतीला ०.५ किंवा ०.६ लावलेला दिसला, तर पुढची पानं वाचायची गरज नाही.

दुसरा आकडा: पाणी जिथे सोडायचं त्या मुखाची पातळी. मुंबईत १८६ पातमुखं. त्यातली ४५ सरासरी समुद्रसपाटीच्याही खाली, १३५ समुद्रसपाटी आणि भरतीच्या पातळीच्या मध्ये, आणि भरतीच्या वर फक्त ६. वर नाला कितीही रुंद करा, भरतीत दार बंदच.

तिसरं, पाणी साचणाऱ्या ठिकाणांची यादी, आणि प्रत्येक ठिकाणापुढे कारण. नुसती यादी सगळ्यांकडे असते. 'सखल भाग' हे कारण नव्हे, ते वर्णन झालं. खोलगट आहे, वाहिनी लहान आहे, वाहिनीत केबल आडवी गेली आहे, पातमुख बुडतं, की वरच्या अंगाचा नाला इकडे वळवलाय? पाच कारणांना पाच वेगळे इलाज.

चौथं, कोणत्या आकड्याला कोण काय करणार. हे बहुतेक आराखड्यांत नसतंच. फोन नंबरांची यादी म्हणजे आराखडा नव्हे.

आणि मोजणार कुठे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला ७३. शहर एकच, अंतर वीसेक किलोमीटर. त्यानंतर शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, दर १५ मिनिटांची नोंद मिळू लागली. वर सांगितलेल्या सूचनांमध्ये दर ४ चौरस किलोमीटरला एक मापक असं प्रमाण दिलेलं आहे. आपल्या शहराचं क्षेत्रफळ भागिले ४ करा आणि तहसील कचेरीच्या आवारातला एकुलता एक मापक आठवा.

मिमीमोजे

चांगला धागा. पहिल्या मुद्द्यात भर घालतो, कारण ९० टक्के गोंधळ इथेच होतो.

हवामान खात्याचे वर्ग २४ तासांचे असतात, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ. ६४.५ ते ११५.५ मिमी मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. (महसूल खात्याची 'अतिवृष्टी' ६५ मिमीला सुरू होते, ती पंचनाम्यासाठी. दोन्हींची सरमिसळ करू नका.) आता २०० मिमी जर २४ तास एकसारखा पडला तर ताशी ८.३ मिमी होतात. जुन्या २५ मिमीच्या गटारालाही ते झेपेल. तोच पाऊस तीन तासांत आला तर ताशी ६७, आणि ५० मिमीची नवी वाहिनीही तुंबणार. त्यामुळे 'काल इतके मिमी पडला' यावरून गटाराची परीक्षा होत नाही. तासाचा आकडा मागा, जमल्यास १५ मिनिटांचा.

१५ मिनिटांचा कशाला? लहान पाणलोटात टोकाचं पाणी चौकात पोचायला १५-२० मिनिटंच लागतात. १५ मिनिटांत २० मिमी पडला तर त्या वेळचा जोर ताशी ८० मिमीचा. तासाच्या बेरजेत तो ३० मिमी दिसेल आणि अभियंता म्हणेल, "क्षमतेच्या आतच तर होता." दोघंही खरं बोलत असतात!

अवांतर: प्रत्येक जोरदार सरीला ढगफुटी म्हणू नका. ढोबळ व्याख्या तासाला १०० मिमी किंवा त्याहून जास्त, आणि तेही वीस-तीस चौरस किलोमीटर एवढ्याच पट्ट्यात.

गाळमोजणी

नालेसफाईच्या टक्क्यांबद्दल. तो टक्का नाल्याचा नसतो, ठरवलेल्या गाळाच्या वजनाचा असतो. इतके टन काढायचे ठरवले, त्यातले इतके वजनकाट्यावर नोंदले गेले. ओला गाळ जड भरतो, त्यात राडारोडा मिसळला की आणखी जड. टक्का शंभर होतो आणि नाल्याचा तळ दिसलेला नसतो.

मागायचं काय, तर सफाईआधी आणि नंतर तळाची पातळी, दर ५०-१०० मीटरला एक, मूळ बांधणीच्या पातळीशेजारी लिहिलेली. हा तक्ता दिला तर काम झालं.

गाळाने किती फरक पडतो ते बघा. १.५ मीटर × १.५ मीटरची पेटी वाहिनी, तळाशी अर्धा मीटर गाळ. जागा एक तृतीयांश कमी झाली, म्हणून क्षमताही तेवढीच कमी होईल असं वाटतं. पण ओल्या कडेच्या (पाणी घासत जातं त्या तळ-भिंतींच्या) मानाने जागा कमी झाल्याने वेगही पडतो. वाहिनीतून किती पाणी जाईल ते काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात घातलं तर भरून वाहताना क्षमता सुमारे ५७ टक्के उरते. गाळाचा खडबडीतपणा अजून धरलेलाच नाही.

आणि आडव्या गेलेल्या वाहिन्या. पाण्याची पाइपलाइन, केबलची नळी, कुणीतरी सोयीने नाल्याच्या पोटातून नेलेली असते. तिला पहिली प्लास्टिकची पिशवी अडकते, मग दहावी, मग थर्माकोल. जूनच्या अखेरीस तिथे बांध तयार. हे सफाईच्या यादीत येत नाही, कारण तो गाळ नव्हे, आणि पाइपलाइन दुसऱ्या खात्याची.

खाडीकाठ

भरतीबद्दल थोडं. मुंबईत दिवसाला दोन भरत्या, एकीपासून दुसरी सव्वाबारा-साडेबारा तासांवर. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. लोक ती यादी समुद्रकिनाऱ्यावर लाटा बघायला जाण्यासाठी वापरतात. वापरायची असते ती अशी, की त्या वेळेच्या पुढेमागे दीड-दोन तास पातमुख बंद धरायचं आणि तेवढ्या वेळचं पाणी शहरात कुठे मावणार ते मोजायचं.

पातमुखावर झडपेचं दार असतं. समुद्र चढला की आपोआप मिटतं, उतरला की उघडतं. बिघाड ठरलेला: बिजागरी गंजते, किंवा दारात ओंडका नाहीतर गोणी अडकते आणि ते वीतभर उघडं राहतं. मग भरतीचं खारं पाणी उलटं आत. पाऊस नसताना रस्त्यावर पाणी दिसलं तर आधी हेच तपासा.

यावर उतारा म्हणून उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपिंग स्टेशनं. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटरचा. धागाकर्त्यांच्या १०० हेक्टरच्या १३.२ घनमीटरला असे दोन पंपही थोडे अपुरे पडतात, म्हणजे तीन चालू आणि किमान एक राखीव.

पण खरी गोम पुढे आहे. पंप फक्त त्याच्यापर्यंत पोचलेलं पाणी उपसतो. ब्रिटानिया सुरू झाल्यावरही हिंदमाता चौकात पाणी साचत राहिलं, कारण बशीसारख्या त्या चौकातून निघणारं पाणी तेवढ्या वेगाने पंपापर्यंत जात नव्हतं. केंद्रात पाणी कमी म्हणून पंप बंद, आणि चौकात माणसं कमरेइतक्या पाण्यात. म्हणून शेवटी परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली टाक्या बांधून पाणी तिथे ओढायचं ठरलं. टाकीतलं पाणी ओहोटीत सोडायचं.

टाकीचा ढोबळ हिशोब: २० हेक्टरचा चौक, वाहिनीला झेपतं त्यापेक्षा ताशी ३० मिमी जास्त, तीन तास. २,००,००० चौरस मीटर × ०.०९ मीटर = १८,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी ८० लाख लिटर. बागेखाली 'पावसाचं पाणी साठवण्याची' ५० हजार लिटरची टाकी बांधून पूर हटवल्याचे फलक लावणाऱ्यांनी या आकड्यात किती शून्यं आहेत ते मोजावं.

बिल्डिंगसेक्रेटरी

सगळं पालिकेचं झालं. आमच्या तळघरातल्या पार्किंगचं काय? उतार रस्त्याकडून खाली येतो. एक अश्वशक्तीचा पंप आहे, तरी मागच्या पावसाळ्यात चाकं बुडाली. दोन अश्वशक्तीचा घ्यावा का?

पंपखोली

@बिल्डिंगसेक्रेटरी, पंप मोठा घेण्याआधी पाणी कुठून येतं ते बघा. दोन वाटा असतात. उतारावर थेट पडणारा पाऊस, आणि रस्त्यावरचं पाणी उंबरठा ओलांडून आत येणं. पहिल्याला पंप चालतो. दुसऱ्याला जगातला कुठलाही पंप पुरत नाही, तिथे उंबरठाच हवा.

पहिल्याचा हिशोब: उतार समजा १२० चौरस मीटर, जोर ताशी १०० मिमी. १२० × ०.१ = तासाला १२ घनमीटर, म्हणजे मिनिटाला २०० लिटर. पंपावरच्या पाटीवर छापलेला आकडा बहुतेकदा पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचा असतो. तुम्हाला तळघरातून पाच-सहा मीटर वर फेकायचंय, शिवाय पाइपचं घर्षण. कंपनीकडून पंपाचा आलेख मागा आणि सहा-सात मीटरच्या रेषेवर किती लिटर मिळतात ते वाचा. तिथे २०० लिटर हवेत.

उंबरठ्यासाठी: उताराच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच असा गाडीला चढता येईल असा उंचवटा, आणि त्याच्यावर खाचेत बसणाऱ्या फळ्या. उंची अंदाजाने ठरवू नका. भिंतीवरची मागच्या पुराची खूण शोधा, त्यावर वीतभर. फळ्या कुठे ठेवल्यात आणि रात्री दोनला कोण बसवणार, हे वॉचमनच्या केबिनमध्ये लिहून लावा.

बाकी नेहमी चुकणारं:

पंप दोन हवेत, आलटून पालटून चालणारे. एकच असेल तर त्याचा फ्लोट (पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता गोळा) वायरीत गुंतलेला नेमका त्याच दिवशी कळतो. मे महिन्यात खड्ड्यात बादल्या ओतून फ्लोट स्वतः उचलला जातोय का ते बघा, बटण दाबून पंप फिरतो एवढं पुरेसं नाही.

पंपाचं पॅनेल तळघरात नको. पाणी आलं की आधी पॅनेल बुडतं, मग पंप बंद, मग सगळंच. पॅनेल, मीटर आणि जनरेटर पुराच्या खुणेच्या वर.

पंपाचं पाणी ज्या चेंबरमध्ये सोडता ते भरलं असेल तर तेच पाणी परत येतं. पाइपवर परतझडप लावा. तळघरात संडास किंवा मोरी असेल तर सांडपाण्याच्या वाहिनीवरही, नाहीतर मैला वर येतो.

पाणी शिरायला लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची आणि तळघराचा वीजपुरवठा तोडायचा. गाडी काढायला कुणीही खाली जायचं नाही. गाडीचा विमा मिळतो.

कृष्णाकाठ

मुंबईकरांनो, नदीकाठच्या शहरांकडेही बघा. कारण 'कोणत्या आकड्याला कोण काय करणार' हे आमच्याकडे निदान अर्धं तरी आहे.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेची ४० आणि ४५. इथे पावसाळ्यात माणूस 'किती मिमी' विचारत नाही, 'किती फूट' विचारतो. आणि फुटाला गल्ली जोडलेली असते. कोल्हापुरात आधी सुतारवाडा हलवायचा, सांगलीत सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर, हे लोकांच्या तोंडी असतं. यालाच खरा जोखमीचा नकाशा म्हणतात. पातळी, तिच्यापुढे वस्तीचं नाव, तिच्यापुढे शाळेचं किंवा मंगल कार्यालयाचं नाव, आणि किल्ली कुणाकडे.

२०१९ मध्ये हे कोलमडलं, कारण पाणी लोकांच्या आठवणीतल्या २००५ च्या खुणेच्या वर गेलं. २००५ ला उंबऱ्याशी थांबलं होतं म्हणून लोक घरात थांबले, मग होड्या पुरेनात. आठवण हा चांगला मापक आहे, पण त्याची पट्टी मागच्या पुरापाशीच संपते.

नदीकाठच्या निळ्या आणि लाल पूररेषा: निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी आणि लालच्या मधे अटींवर. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ आता ९९ वर्षं निश्चिंत असा नाही. दर वर्षी एक टक्का शक्यता. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात लाल रेषेपर्यंत किमान एकदा पाणी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, निळीपर्यंत सुमारे ७० टक्के. फ्लॅट घेताना हे बिल्डर सांगत नाही. आणि रेषा जुन्या नोंदींवर काढलेली असेल, तर हे आकडेही कमीच धरा.

धरणाखालच्या शहरांनी आणखी एक बघायचं. धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो (१ घनमीटर प्रति सेकंद म्हणजे ३५.३ क्युसेक), पण धरण ते शहर यामधल्या ओढ्यांचं पाणी त्यात नसतं. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने घात केला, तिथे धरणाचा प्रश्नच नव्हता. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याची एकतानगरी बुडाली ती मुठेच्या पाण्याने. एकाच शहरात दोन वेगळ्या जोखमी. विसर्गाचा संदेश ओढ्याकाठच्या माणसाला काहीच सांगत नाही.

मिमीमोजे

+१. आणि रंगांबद्दलही. पिवळा, नारिंगी, लाल हे पावसाच्या मापापुरते नाहीत, ते कृती सांगतात. पिवळा: लक्ष ठेवा. नारिंगी: तयारीत राहा. लाल: कृती करा. शिवाय तो इशारा जिल्ह्याचा असतो. जिल्ह्याला लाल आणि तुमच्या गल्लीत ऊन असं होणारच. म्हणून रंगावर माणसं आणि पंप जागेवर न्यायचे, आणि पुढचे निर्णय तीन तासांच्या तातडीच्या अंदाजावर आणि १५ मिनिटांच्या मापकावर घ्यायचे. 'रेड अलर्ट होता आणि काहीच झालं नाही' म्हणून पुढच्या वेळी पंप गोदामातच ठेवणारे लोक आहेत.

उन्हाळी

सगळा धागा पाण्यात बुडालाय म्हणून एक कोरडा प्रतिसाद. उष्णतेच्या बाबतीत धडा अहमदाबादचा. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ ला गेला, त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. हा आकडा उष्माघाताच्या नोंदींतून आला नाही. नेहमीच्या मे महिन्याचे सगळे मृत्यू आणि त्या मे महिन्याचे सगळे मृत्यू यांची वजाबाकी केली तेव्हा दिसला. दाखल्यावर बहुतेकांचं कारण 'हृदयक्रिया बंद' असंच असतं. त्यावरून २०१३ ची उष्णता कृती योजना आली.

आपल्या शहरांनी घ्यायचं ते हे: जन्ममृत्यू नोंदणीतले रोजचे मृत्यू आणि रोजचं कमाल तापमान शेजारी मांडा, रेषा कुठे वर वळते ते बघा. आपला उंबरठा तोच. नागपूरचा आकडा रत्नागिरीला चालत नाही. हवामान खात्याचा निकषही सपाटीला किमान ४०, किनाऱ्याला ३७ असा वेगळा आहे (वर सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असण्याची अट).

पाणीपातळी

@उन्हाळी, वजाबाकीचा मुद्दा मोलाचा. यावर वेगळा धागा काढाच.

एक राहिलं. पाणी तुंबलं की कुणीतरी उत्साही माणूस मॅनहोलचं झाकण उघडतो. कृपा करून नको. वरून पाणी संथ दिसतं, आत ओढ भयंकर असते. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत एक नामवंत डॉक्टर असेच वाहून गेले. झाकणाखाली सुरक्षा जाळी हवी, आपल्या रस्त्यावर ती आहे का हे पावसाआधी पालिकेला विचारा. मुंबईत तक्रारीला १९१६.

बिल्डिंगसेक्रेटरी

@पंपखोली, धन्यवाद. उंचवटा नव्हताच, पंपावर उगाच राग काढला. शेवटचा प्रश्न: गच्चीवर पर्जन्यमापक बसवला तर काही उपयोग?

मिमीमोजे

हो, पण नीट बसवला तर. जवळच्या टाकीची किंवा भिंतीची उंची मापकापेक्षा जितकी जास्त, त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा. गच्चीच्या कडेला नको, तिथे वारा थेंब उडवून नेतो. उलटणाऱ्या पळीचा स्वयंचलित मापक घेतलात तर जोराच्या पावसात तो थोडं कमी दाखवतो, हे लक्षात ठेवा, आणि जाळीतली पानं आठवड्याला काढा. वेळ मात्र घड्याळ लावून लिहा.

गाळमोजणी

आणि मापकासोबत फाटकासमोरच्या खांबावर दर ५ सेंटिमीटरला पट्टी रंगवा. शून्य रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीवर, गटाराच्या कडेच्या नाही. पाऊस किती वाजता कितीने पडला आणि पाणी किती वाजता कुठल्या पट्टीला लागलं, या दोन रकाने असलेली एका पावसाळ्याची वही नेली, की वॉर्ड ऑफिसात 'सखल भाग आहे' हे उत्तर देता येत नाही.